साथीच्या काळात कोर्ट कसं चालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडची लाट ओसरून बराच काळ लोटला, तरी त्या काळातल्या तारखा, मुदती आणि गुन्ह्यांबद्दलचे प्रश्न अजून येतात. त्यांच्या जोडीला दुसरा एक प्रश्न असतो: पुन्हा अशी साथ आली तर आपल्या केसचं काय? दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या कोर्टांना धरून आहेत. साथीत कोर्ट एकच सरसकट आदेश काढत नाही. मुदतीचा आदेश वेगळा, कैद्यांचा वेगळा, ऑनलाइन सुनावणीचा वेगळा. एका आदेशातली सवलत दुसऱ्या कामाला लावल्यानेच बहुतेक गोंधळ झाले.

१. साथ पसरली की कोर्टं बंद होतात का?

नाही. आवारात कोणी यायचं, कामकाज किती तास चालायचं, रोजच्या बोर्डावर किती प्रकरणं लावायची, यावर मर्यादा येतात. कोर्टाचे अधिकार मात्र जसेच्या तसे राहतात. मार्च २०२० नंतरचे काही महिने बहुतेक कोर्टांत रिमांड, जामीन आणि तातडीचे अर्ज एवढंच काम चाललं, तेही मोजके तास आणि पाळीने. ‘कोर्ट बंद आहे’ असं कोणी सांगितलं तर तुमची नेहमीची तारीख बहुधा होणार नाही, इतकाच त्याचा अर्थ घ्या. दाखल करण्याची मुदतही आपोआप थांबली असं समजू नका. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

२. हे ठरवतं कोण? जिल्हाधिकारी कोर्ट बंद करू शकतात का?

जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर देखरेख उच्च न्यायालयाची असते. राज्यघटनेची कलमं २२७ आणि २३५ त्यासाठीच आहेत. त्यामुळे कामकाजाची वेळ, पाळ्या, ऑनलाइन की प्रत्यक्ष, हे उच्च न्यायालय परिपत्रक काढून ठरवतं आणि स्थानिक तपशील प्रधान जिल्हा न्यायाधीशांवर सोडतं. जिल्हाधिकारी एखादा भाग प्रतिबंधित क्षेत्र ठरवू शकतात. तुम्हाला घराबाहेर पडता येईल का, हे त्यांच्या आदेशावर अवलंबून असेल. पण कोर्टानं काय चालवायचं हे ते सांगू शकत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी, स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात, घटनेच्या कलम १४२ खाली एक आदेश दिला. गर्दी टाळण्यासाठी न्यायालयांनी केलेले उपाय त्याने वैध ठरवले आणि ऑनलाइन सुनावणीची पद्धत ठरवण्याचं काम प्रत्येक उच्च न्यायालयाकडे दिलं. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाचा नियम दिल्लीत किंवा कर्नाटकात तसाच असेल असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं परिपत्रक नेमकं कोणत्या उच्च न्यायालयाचं आहे, हे आधी बघा.

३. साथीची ‘आणीबाणी’ जाहीर झाली की मूलभूत हक्क थांबतात ना? मग कोर्टात जाऊन उपयोग काय?

घटनेच्या कलम ३५२ खालची आणीबाणी युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव याच कारणांसाठी जाहीर होते. रोगराई त्यात बसत नाही. आणि खरी आणीबाणी लागली तरी कलम २० आणि २१ चे हक्क बजावायला कोर्टात जाण्याचा मार्ग बंद करता येत नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतरची ही स्थिती आहे.

कोविडमध्ये सरकारने मुख्यतः साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ वापरले. हे साधे कायदे आहेत, त्यांखालचा प्रत्येक आदेश घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात किंवा कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात तपासता येतो आणि तो तपासलाही गेला. गुजरात सरकारने साथीचं कारण देत कारखान्यांना कामाचे तास वाढवायची आणि जादा कामाच्या दुप्पट दरातून सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. कारखाने अधिनियमातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका; साथीमुळे आलेली आर्थिक अडचण तिच्यात बसत नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे.

१८९७ चा कायदा मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी घाईने केलेला, मुळात अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला आणि दीड वर्षाची शिक्षाही झाली. सरकारला घाई असलेला खटला साथ सुरू असतानाही थांबत नाही, हे तेव्हापासूनचं आहे. पक्षकाराला घाई असली तर काय, ते पुढच्या उत्तरात.

४. माझं प्रकरण ‘तातडीचं’ आहे हे कोण ठरवतं? अर्जात काय लिहू?

अंतिम निर्णय न्यायाधीशांचा. काही प्रकरणं मुळातच तातडीची असतात: जामीन, रिमांड, बेकायदा डांबून ठेवल्याची हेबियस कॉर्पस याचिका, घर पाडण्याची किंवा ताबा काढण्याची कारवाई, मुलाचा ताबा, घरगुती हिंसा, उपचार. वीस वर्षं चाललेला वाटपाचा दावा त्यात येत नाही, मग तुमच्यासाठी तो कितीही महत्त्वाचा असो. पण त्याच दाव्यातल्या जमिनीवर उद्या सकाळी जेसीबी येणार असेल, तर तेवढ्यापुरता अर्ज तातडीचा होतो.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा मोघमपणामुळे. ‘अर्जदाराचं कधीही भरून न निघणारं नुकसान होईल’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे ते वाचून कोणी हलत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी तारखेसह लिहा. काय होणार आहे, ते कोणत्या दिवशी होणार आहे, आणि त्या दिवसापर्यंत आदेश मिळाला नाही तर काय परत मिळवता येणार नाही. महापालिकेची नोटीस, लिलावाची जाहिरात, रुग्णालयाचा कागद असं जे काही असेल ते सोबत जोडा. समोरच्याला ईमेलने आगाऊ प्रत पाठवल्याचा पुरावाही जोडा, नाहीतर पहिली तारीख ‘प्रत द्या’ एवढ्या एका वाक्यात जाते. उच्च न्यायालयात वकील यासाठी प्रेसिपी (लेखी विनंतीची चिठ्ठी) देऊन प्रकरण बोर्डावर घ्यायची विनंती करतात.

विनंती नाकारली म्हणजे प्रकरण हरलो असं नाही. परिस्थिती बदलली, उदाहरणार्थ नोटिशीनंतर प्रत्यक्ष कारवाईची तारीख आली, तर नव्याने मागता येतं.

५. माझी तारीख होती पण लॉकडाउनमुळे जाता आलं नाही. वॉरंट निघेल का? निकाल एकतर्फी लागेल का?

आधी नेमकं काय झालं ते बघा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि बहुतेक वेळा आदेशही दिसतो. सामूहिक तारखा दिल्या असतील तर काळजीचं कारण नाही. गैरहजेरीमुळे विरोधी आदेश देऊ नयेत अशा सूचना साथीत दिल्या गेल्या, पण तो कायमचा नियम नाही आणि सूचना असूनही एखादा आदेश निघू शकतो.

फौजदारी केसमध्ये वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या. आता त्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५५ मध्ये आहे. वॉरंट निघालं असेल तर ते रद्द करायचा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. पोलीस दारात येईपर्यंत थांबू नका. दिवाणी दावा गैरहजेरीत निकाली निघाला असेल किंवा एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो बाजूला ठेवण्याच्या अर्जाची मुदत ३० दिवसांची असते. ती उलटली तर विलंब माफी मागता येते. कारण म्हणून ‘कोविड’ हा एकच शब्द लिहू नका. तुम्ही कुठे अडकलात, कधीपासून कधीपर्यंत, आणि वाट मोकळी झाल्यावर किती दिवसांत आलात, हे लिहा.

६. ऑनलाइन सुनावणीला साध्या माणसाने हजर कसं राहायचं? माझ्याकडे चांगला फोन नाही.

लिंक बोर्डासोबत येते किंवा कोर्टाच्या संकेतस्थळावर असते. नावाच्या जागी प्रकरणाचा क्रमांक आणि तुमचं नाव लिहा, माइक बंद ठेवा, पुकारा झाल्यावरच सुरू करा. दिवसभर वाट बघावी लागू शकते, म्हणून चार्जर जवळ असू द्या.

फोन किंवा नेट नसणं ही तुमची एकट्याची अडचण समजली जात नाही. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना न्यायालयाने व्हिडिओची सोय करून द्यावी, आणि सुनावणीत आवाज-चित्राची तक्रार असेल तर त्यासाठी हेल्पलाइन ठेवावी, असं ६ एप्रिल २०२० च्या आदेशातच आहे. कोर्टाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात दाखल करण्यापासून सुनावणीपर्यंत मदत मिळते. नागपूरला ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेलं ‘न्याय कौशल’ केंद्र याच कल्पनेतलं. मध्येच लाइन तुटली तर लगेच कोर्टाच्या ईमेलवर तसं कळवा. नंतर ‘मी होतो, पण आवाज गेला’ हे सिद्ध करायला तोच कागद उपयोगी पडतो.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतली माणसं आणि मोठ्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

कपड्यांबद्दल: पक्षकाराला गणवेश नसतो, नीटनेटकं दिसा म्हणजे झालं. वकिलांनाही मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोट आणि गाऊनमधून सूट दिली. पांढरा शर्ट, सलवार-कमीज किंवा साडी आणि गळ्याला पांढरा बँड पुरेसा ठरला. सूट बनियनपर्यंत नव्हती. राजस्थान उच्च न्यायालयात एक वकील तसे पडद्यावर आले आणि सुनावणी पुढे ढकलली गेली.

७. कोर्टाच्या फाटकावर मला अडवलं. माझ्याच केसला मला आत सोडत नाहीत, हे चालतं का?

न्यायाधीशांना दालनातली गर्दी कमी करायचा अधिकार आहे. मात्र ६ एप्रिल २०२० च्या आदेशानुसार प्रकरणातल्या पक्षकाराला संसर्गजन्य आजार नसेल तर त्याला रोखायचं नाही. पक्षकार बरेच असतील तर एका वेळी किती जण, हे ठरवता येतं. बरोबर आलेल्या नातेवाइकांना हा हक्क नाही. फाटकावर वाद घालू नका. वकिलाला आत निरोप द्या आणि प्रवेशाचा अर्ज नोंदवून घ्या.

८. कोर्टाचं काम थांबलेलं असताना दावा किंवा अपील दाखल करायची मुदत संपली तर?

तीन वेगवेगळे मार्ग आहेत. मुदत अधिनियम १९६३ च्या कलम ४ प्रमाणे शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्याच्या पहिल्या दिवशी दाखल करता येतं. त्यात एक दिवसाचीही ढिलाई नाही. आणि ई-फायलिंग सुरू असेल तर ‘कोर्ट बंद होतं’ हे म्हणणं टिकवणं अवघड होतं.

दुसरा मार्ग कलम ५ ची विलंब माफी. ती अपील आणि अर्जांना मिळते, मूळ दाव्याला मिळत नाही. उसने पैसे वसूल करायचा दावा तीन वर्षांनंतर दाखल केला आणि साथीचं कारण सांगितलं, तर कलम ५ कामाला येणार नाही. ही गोष्ट पुष्कळ जणांना फार उशिरा कळते.

तिसरा मार्ग म्हणजे साथीपुरता सर्वोच्च न्यायालयाचा खास आदेश. कोविडमध्ये तो निघाला आणि त्याने दाव्यांनाही वाचवलं (पुढचा प्रश्न). पुढच्या साथीत तसा आदेश निघेलच, हे धरून चालू नका.

९. कोविडच्या काळातली मुदत नेमकी किती वगळायची? मला वकील एक सांगतात, कारकून दुसरंच.

दोघांकडे दोन वेगळ्या वेळचे आदेश असतील. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी, १५ मार्च २०२० पासून लागू होईल असा पहिला आदेश दिला. मार्च २०२१ मध्ये सवलत संपवली, दुसरी लाट आल्यावर २७ एप्रिल २०२१ ला परत आणली, सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा संपवली आणि ओमायक्रॉनमुळे १० जानेवारी २०२२ ला शेवटचा आदेश दिला. आता हिशेब या शेवटच्या आदेशाने करायचा.

१५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे ७१६ दिवस मोजायचेच नाहीत. मुदत या काळात संपणार होती, तर १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळतात. शिल्लक मुदत ९० दिवसांहून जास्त असेल तर ती जास्तीची मिळते.

समजा तीन वर्षांच्या मुदतीचा वसुली दावा १ जानेवारी २०२२ पर्यंत दाखल करायचा होता. १५ मार्च २०२० ला सुमारे साडेएकवीस महिने हातात होते. तेवढे सगळे १ मार्च २०२२ नंतर मिळतात, म्हणजे मुदत डिसेंबर २०२३ च्या मध्यापर्यंत जाते. अपिलाचे शेवटचे दोन आठवडेच उरले होते, तर दोन आठवडे न धरता ९० दिवस धरायचे. दाव्याचं कारणच २०२१ मध्ये घडलं असेल तर तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून सुरू होतात. आणि मुदत १५ मार्च २०२० च्या आधीच संपून गेली असेल, तर या आदेशाने ती जिवंत होत नाही.

दोन आडवळणं. एक: मूळ मुदत आधीच संपली होती आणि फक्त कोर्टाला विलंब माफ करता येईल तो जादा काळ साथीत सुरू होता, अशा पक्षकाराला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिलासा नाकारला होता. नंतरच्या आदेशांत मात्र विलंब माफीची कमाल मर्यादाही वगळलेल्या काळात घेतली. त्यामुळे निकाल वाचताना तो कधीचा आहे हे बघणं भाग आहे. दोन: व्यापारी दाव्यात कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) द्यायची १२० दिवसांची कडक मर्यादा. तिलाही ही सवलत लागू होते, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं.

१०. चेक बाउन्सच्या नोटिशीला आणि तक्रारीलाही हेच लागू का?

हो. ६ मे २०२० च्या आदेशाने चेक बाउन्सच्या कलम १३८ च्या मुदती यात आणल्या. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस आणि नंतर तक्रारीचा एक महिना, हे वगळलेल्या काळात मोजायचे नाहीत. चेक देणाऱ्याला पैसे भरायला मिळणारे १५ दिवसही १० जानेवारी २०२२ च्या आदेशात नावाने आहेत, ही बाजू तक्रारदार विसरतात. त्या यादीत चेक वैध असताना बँकेत भरायची अट मात्र नाही. शिळा झालेला चेक या आदेशाने ताजा होत नाही. दिवसांचा हिशेब प्रश्न ९ प्रमाणे.

११. मुदत सगळ्यांची वाढली, मग आरोपपत्र दाखल करायला पोलिसांचीही वाढली असेल?

नाही. काही ठिकाणी तसा अर्थ लावून आरोपींना जामीन नाकारला गेला. मद्रास उच्च न्यायालयातून आलेल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ जून २०२० रोजी स्पष्ट केलं, की दाखल करायला येणाऱ्या पक्षकारांच्या अडचणीसाठी दिलेली सवलत कोणाला जास्त दिवस कोठडीत ठेवायला वापरता येणार नाही. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर त्याला जामिनावर सोडावंच लागतं. लॉकडाउनची बंधनं म्हणजे आणीबाणी नव्हे, असंही त्यात म्हटलं आहे.

पण हा हक्क मागावा लागतो. ६१ व्या किंवा ९१ व्या दिवशी, आरोपपत्र येण्याआधी अर्ज दाखल झाला पाहिजे. रजिस्ट्री अर्धा दिवस चालत असेल तर ई-फायलिंग करून वेळेची पोच जपून ठेवा.

१२. साथीत अटक झाली तर दंडाधिकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष नेतात की व्हिडिओवर?

२४ तासांत हजर करायचं बंधन घटनेच्या कलम २२(२) मधलं आहे, साथीने ते सैल होत नाही. पोलीस कोठडी मागायची असेल तर पहिल्यांदा आणि पोलीस कोठडीत असेपर्यंत प्रत्येक वेळी आरोपीला प्रत्यक्षच आणायचं. पुढे न्यायालयीन कोठडी वाढवताना व्हिडिओ चालतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये हा फरक लिहिलेला आहे. मारहाणीच्या खुणा पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून तो जपायलाच हवा. व्हिडिओवर हजर केलेल्या आरोपीनेही तक्रार असेल तर ती तेव्हाच मोठ्याने सांगावी आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवशीच्या नोंदीत) लिहून घ्यायची विनंती करावी.

१३. माझ्या बाजूने मनाई हुकूम होता, त्याची तारीख लॉकडाउनमध्ये उलटली. तो संपला का?

मार्च २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या आणि आपल्या देखरेखीखालच्या न्यायालयांच्या अंतरिम आदेशांची मुदत सरसकट वाढवली आणि परिस्थिती बघून ती पुढे वाढवत नेली. दुसऱ्या लाटेतही ताबा काढणं आणि पाडकामाच्या कारवायांना तसाच आळा घातला. दोन गोष्टी तपासा: तुमचा आदेश त्या दिवशी जिवंत होता का, आणि सरसकट आदेशाची शेवटची तारीख कोणती. ती तारीख संपल्यावर मूळ कोर्टाकडून मुदतवाढ घेतली नसेल तर संरक्षण गेलं असं समजून लगेच अर्ज करा. वाढीव काळात कोणी बांधकाम केलं असेल, तर अवमानाचा अर्ज करण्याआधी त्याला त्या सरसकट आदेशाची प्रत पाठवा.

१४. साक्ष आणि उलटतपास व्हिडिओवर होतो का? समोरच्या साक्षीदाराला कोणी पढवत असेल तर?

व्हिडिओवरची साक्ष वैध आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यात मान्य केलं. तिथे साक्ष अमेरिकेतल्या डॉक्टरची होती. कोविडमध्ये मात्र ६ एप्रिल २०२० च्या आदेशाने नियम होईपर्यंत हात आखडता घेतला: ऑनलाइन युक्तिवाद चालतील, साक्ष दोन्ही बाजूंच्या संमतीनेच. आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३० खटल्याचं कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करायला वाव देतं.

पढवण्याची भीती खरी आहे. साक्षीदार घरून बोलण्याऐवजी जवळच्या कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात, तिथल्या अधिकाऱ्यासमोर बसेल अशी मागणी करा. खोलीभर कॅमेरा फिरवायला सांगता येतं. कागदपत्रं आधी पाठवून द्या. सरकारी डॉक्टर किंवा बँक अधिकारी अशा औपचारिक साक्षीदाराला व्हिडिओ ठीक आहे. ज्याच्या एका शब्दावर केस उभी आहे त्याचा उलटतपास मात्र समोरासमोर व्हावा, असा आमचा सल्ला.

१५. व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली. दुर्लक्ष केलं तर चालेल?

चालणार नाही. १० जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोटीस आणि समन्स ईमेल, फॅक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवेने बजावायला परवानगी दिली, पण मेसेजवर पाठवणाऱ्याने त्याच दिवशी ईमेलही करायचं असं बंधन घातलं. त्याआधीही, २०१८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने निळ्या टिका बघून व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस पोचल्याचं मानलं होतं. शंका असेल तर प्रकरणाचा क्रमांक ई-कोर्ट्सवर तपासा, बनावट नोटिसाही फिरतात.

अपवाद: चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची. ती व्हॉट्सअ‍ॅपने बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तरीही अशी नोटीस आली तर वकिलाला दाखवा.

१६. माझ्याच सुनावणीचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला तर?

परवानगीशिवाय नको. खुलं कोर्ट म्हणजे बघता येणं. चित्रण करणं वेगळं, आणि त्यावर अवमानाची कारवाई होऊ शकते. थेट प्रक्षेपणाला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, गुजरात उच्च न्यायालयाने ते ऑक्टोबर २०२० मध्ये यूट्यूबवर सुरू केलं. त्या क्लिपा कापून वापरण्यावरही त्या त्या न्यायालयाचे नियम आहेत.

१७. घरात मारहाण होते आणि बाहेर पडायची बंदी आहे. आणि मुलं दुसऱ्या पालकाकडे अडकली तर?

घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज साथीतही तातडीचा असतो. तुम्ही माहेरी किंवा मैत्रिणीकडे तात्पुरत्या राहत असाल तर तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. सासरच्या गावी जायची गरज नाही. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत ठेवायची असते. कलम २३ खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम संरक्षण मिळू शकतं. संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतात. तत्काळ धोका असेल तर ११२, सल्ल्यासाठी १८१.

मुलांच्या भेटीचा आदेश लॉकडाउनने रद्द होत नाही. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर पालकांनी आपसात ठरवून फोन-व्हिडिओने संपर्क ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये सुचवलं. बुडालेल्या भेटी नंतर भरून मिळाव्यात अशी मागणी करा आणि व्हिडिओ कॉल नाकारल्याच्या नोंदी ठेवा. पोटगीही सुरूच राहते. उत्पन्न बुडालं असेल तर रक्कम कमी करून घ्यायचा अर्ज करा, स्वतःच्या मनाने थांबवू नका.

१८. साथीत कैद्यांना सोडतात म्हणे. माझ्या भावाला का सोडलं नाही?

२३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला सांगितली. कोणत्या वर्गाला तात्पुरता जामीन किंवा पॅरोल द्यायचा हे समिती ठरवणार होती. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे हे उदाहरण आदेशात होतं. महाराष्ट्रात ८ मे २०२० ला पॅरोलच्या नियमांत बदल करून आणीबाणीचा पॅरोल आणला. मोक्का, यूएपीए, मनी लाँड्रिंग अशा विशेष कायद्यांखालचे कैदी त्यातून वगळले होते. ही सोय तुरुंगातली दाटी कमी करण्यासाठी होती, वैयक्तिक हक्क म्हणून नव्हती. पण समितीने वगळलं तरी आजारपणाच्या कारणावर नेहमीचा जामीन अर्ज करायला आडकाठी नाही.

सुटलेल्यांना परत जावंच लागलं: २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १५ दिवसांत शरण यायला सांगितलं. त्यानंतर बाहेर राहिलेला माणूस फरार धरला जाऊ शकतो.

१९. लॉकडाउनमध्ये माझ्यावर १८८ चा (सरकारी आदेश मोडल्याचा) गुन्हा झाला होता. सरकारने केसेस मागे घेतल्या ना?

वर्तमानपत्रातल्या घोषणेने केस संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करून कोर्टाची संमती घ्यावी लागते, तेव्हाच ती मागे घेतली जाते. पासपोर्ट किंवा नोकरीच्या पडताळणीत अडकण्याआधी ई-कोर्ट्सवर स्थिती पाहा.

केस सुरू असेल तर एक मुद्दा तपासा. कलम १८८ ची दखल कोर्टाला घेता येते ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच. नुसतं पोलिसांचं आरोपपत्र असेल तर तो बचाव घेता येतो. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना हाच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या (दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २२३ मध्ये आहे आणि तक्रारीची अट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मध्ये. जोडीला रोग पसरवल्याचं कलम लावलं असेल तर तसा पुरावा आहे का हेही बघा. तबलिगी प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने परदेशी नागरिकांवरचे गुन्हे ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले होते.

डॉक्टर-परिचारिकांवरच्या हल्ल्याचा गुन्हा मात्र हलका समजू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ३० दिवसांत तपास पुरा करायचा असतो.

२०. ऑक्सिजन, औषधं, नुकसानभरपाई यात कोर्ट सरकारला काही सांगू शकतं का?

सांगू शकतं, आणि सांगितलंही. एप्रिल २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने रेमडेसिविरच्या वाटपाचा जाब विचारला. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की बेड किंवा ऑक्सिजनसाठी समाजमाध्यमावर हाक देणाऱ्यांवर कारवाई केली तर तो अवमान समजला जाईल. जून २०२१ च्या निकालानंतर कोविडने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना ५०,००० रुपयांचं सानुग्रह साहाय्य ठरलं. किती टाक्या कुठे पाठवायच्या हे तज्ज्ञांचं काम, म्हणून त्यासाठी न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. स्वतःच्या एका रुग्णासाठी याचिका करणार असाल तर जिल्हा प्रशासनाला आधी लेखी मागणी केल्याचा कागद असू द्या. ‘तुम्ही त्यांच्याकडे गेलात का?’ हा पहिला प्रश्न असतो.

२१. साथ संपली. आता मला ऑनलाइन हजर राहता येतं का, की पुन्हा प्रवास?

६ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन आठवड्यांनंतर कोणत्याही उच्च न्यायालयाने वकिलाला किंवा पक्षकाराला व्हिडिओची सोय नाकारू नये. मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर अशी सुनावणीची ठिकाणं असली, तरी चंद्रपूर किंवा सिंधुदुर्गातल्या माणसाला याचा फायदा आहे. तालुका कोर्टात मात्र जोडणी आहे का, आणि त्या दिवशीच्या न्यायाधीशांनी परवानगी दिली का, हे विचारावं लागतं. अर्ज आधी करा आणि तो मंजूर झाल्याचं कळेपर्यंत प्रवासाचं तिकीट रद्द करू नका. फौजदारी केसमध्ये जबाब किंवा निकालाच्या दिवशी आरोपीला बहुतेक वेळा समक्षच बोलावतात.